रिक्रूटमेंट एजन्सीची वेबसाइट आणि जाहिराती: या चुका टाळा

रिक्रूटमेंट एजन्सीच्या वेबसाइटवर नोकरी शोधणारे येतात आणि माणसं शोधणाऱ्या कंपन्याही येतात. फी कंपन्या देतात, पण गर्दी उमेदवारांची असते. डिझाइन करताना हा फरक विसरला, की पुढची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

नेहमीची तक्रार अशी: "गूगल अ‍ॅड्सवर पैसे जाताहेत, फॉर्मही भरपूर येताहेत, पण क्लायंट एकही मिळत नाही." अशा वेळी आधी सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर तुमची जाहिरात दिसली त्याची यादी, उघडा. 'रिक्रूटमेंट एजन्सी' असा शोध उमेदवारही घेतात, त्यामुळे तिथे 'फ्रेशर जॉब', 'वॉक-इन इंटरव्ह्यू' असले शब्द रांगेने दिसतील. ते निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाका. 'जॉब' टाकलं म्हणून 'जॉब्स' आपोआप अडत नाही, दोन्ही टाकावे लागतात. पण एवढ्यावर थांबू नका, खरं दुखणं बरेचदा कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे जाहिरातीतून काय हाती लागलं याच्या मोजणीत असतं. उमेदवाराने सीव्ही पाठवला काय आणि कंपनीने चौकशी केली काय, दोन्ही एकाच हिशेबात मोजलं जात असेल, तर ऑटोमॅटिक बिडिंग (जाहिरातीची बोली गूगलनेच ठरवणं) स्वस्तात मिळणाऱ्या फॉर्मच्या, म्हणजे उमेदवारांच्याच मागे लागतं. दोघांचे फॉर्म वेगळे करा. कंपन्यांसाठीच्या कॅम्पेनमध्ये फक्त त्यांची चौकशी प्रायमरी, म्हणजे बिडिंग ज्याच्या मागे धावेल ते कन्व्हर्जन, ठेवा.

सगळ्या जागा एकाच पानावर, त्याही पोस्टरच्या इमेजमध्ये टाकणं ही दुसरी मोठी चूक. गूगलच्या नोकरी शोधात दिसायचं असेल तर प्रत्येक जागेला स्वतंत्र पान आणि त्या पानावर जॉबपोस्टिंग स्कीमा, म्हणजे गूगलला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातली माहिती, लागते: पदाचं नाव, कामाचं वर्णन, जाहिरातीची तारीख, कंपनी, ठिकाण. पदाच्या नावात 'अकाउंटंट' एवढंच लिहा, 'तातडीने हवेत!!! आकर्षक पगार' नको. जागा भरली की पान काढा, निदान स्कीमा तरी काढा. मुदत संपलेल्या जागा तशाच ठेवल्या तर गूगल कारवाई करून तुमच्या जागा त्या निकालांतून काढू शकतं. शिवाय भरलेल्या जागेसाठी अर्ज करून फोनची वाट बघत बसलेला माणूस तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

अर्जाचा फॉर्म स्वतःच्या मोबाइलवर भरून बघा. आधी अकाउंट उघडा, मग सीव्ही अपलोड करा आणि शेवटी तीच माहिती पुन्हा टाइप करा, असं असेल तर चांगला उमेदवार मध्येच सोडून जातो. नाव, फोन, अनुभव पुरे. सीव्ही नंतरही मागता येतो.

कंपन्यांच्या पानावर हस्तांदोलनाचे फोटो कमी आणि कामाची माहिती जास्त हवी: कुठल्या पदांची भरती करता, फी कधी लागू होते, माणूस लवकर सोडून गेला तर रिप्लेसमेंट किती दिवसांपर्यंत.

एक चूक मात्र सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. काही फॉर्म प्लगइन (वेबसाइटला फॉर्म जोडणारी तयार सॉफ्टवेअर) आलेले सीव्ही साध्या अपलोड फोल्डरमध्ये ठेवतात. लिंक हाती लागली की ती फाइल कुणालाही उघडता येते, कधी कधी ती गूगलच्या निकालांतही येते. एक चाचणीचा सीव्ही पाठवा आणि त्याची लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. उघडली, तर जाहिराती आज थांबल्या तरी चालतील, आधी हे बंद करून घ्या. त्या फाइलींत लोकांचे पत्ते, फोन नंबर आणि पगाराचे आकडे असतात.