सूक्ष्म अर्थशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम कसा अभ्यासावा

विद्यापीठात सूक्ष्म अर्थशास्त्र प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे काही आठवडे हा विषय सोपा वाटतो, कारण किंमत वाढली की मागणी घटते हे त्याला आधीपासून ठाऊक असते. मात्र विक्रेत्यावर बसवलेल्या कराचा किती भार खरेदीदारावर पडेल, असा प्रश्न समोर आला की व्याख्या तोंडपाठ असूनही त्याचा हात थांबतो. उत्तर पाठ करून मिळणारे नसते, ते मांडून काढावे लागते. म्हणून या विषयाचे पुस्तक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ घेऊनच उघडावे, आणि पुस्तकातील प्रत्येक आलेख पुस्तक मिटून स्वतः काढून पाहावा.

पूर्वतयारीला फार वेळ लागत नाही. सरळ रेषेचे समीकरण आणि तिचा उतार, दोन समीकरणे एकत्र सोडवणे, शेकडेवारीतील बदल, आणि अभ्यासक्रमात कलनशास्त्र असेल तर साध्या फलाचे विकलज, एवढे येत असले की पुरते. गणिताची सवय असलेल्यांना एक गोष्ट मात्र खटकते. मागणीच्या समीकरणात नग किमतीवर अवलंबून असतात, तरीही आलेखात किंमत उभ्या अक्षावर घेतली जाते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये मागणीचा वक्र काढताना किंमत आडव्या अक्षावर घेतली होती. आज रूढ असलेली मांडणी इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथामुळे स्थिरावली. समीकरणातला उतार आणि आलेखातला उतार परस्परांचे व्यस्त का असतात, हे पहिल्याच आठवड्यात समजून घेतले तर पुढच्या कितीतरी चुका टळतात.

यानंतर सर्वांत आधी पक्का करायचा भेद म्हणजे वक्रावरून सरकणे आणि वक्रच सरकणे यांतला. वस्तूच्या स्वतःच्या किमतीमुळे मागणी बदलली तर मागणीचा विस्तार किंवा संकोच होतो आणि आपण त्याच वक्रावर राहतो. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली तर मागणीची वृद्धी किंवा ऱ्हास होतो आणि संपूर्ण वक्र जागा सोडतो. हा भेद निसटला की ‘किंमत वाढली म्हणून मागणी घटली, आणि मागणी घटली म्हणून किंमत पुन्हा उतरली’ असा वरवर बिनचूक भासणारा पण चुकीचा युक्तिवाद लिहिला जातो. त्यात पहिल्या वेळी ‘मागणी’ म्हणजे वक्रावरचा एक बिंदू आहे आणि दुसऱ्या वेळी संपूर्ण वक्र. त्यामुळे कोणत्याही प्रश्नात प्रथम बाहेरून नेमके काय बदलले ते लिहावे, त्याने कोणता वक्र हलतो ते ठरवावे, तो कोणत्या दिशेला हलतो ते दाखवावे, आणि त्यानंतरच नवा समतोल, म्हणजे मागणी व पुरवठा समान होतात तो बिंदू, शोधावा. हा क्रम उलटू नये.

पुढची पायरी मला सर्वांत फलदायी वाटते. आकड्यांचे एकच उदाहरण घ्यावे आणि ते संपूर्ण सत्रभर सोबत ठेवावे. मागणीचे नग म्हणजे १०० वजा किमतीची दुप्पट, आणि पुरवठ्याचे नग म्हणजे १० अधिक किंमत, असे समजू. दोन्ही बाजू समान केल्या की समतोल किंमत ३० आणि नग ४० मिळतात. लवचिकतेचे, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की नग किती टक्के बदलतात याचे, प्रकरण आले की याच मागणी रेषेवर तिची गणना करावी. किंमत १० असताना मागणी ८० आणि लवचिकता ०.२५, किंमत २५ असताना मागणी ५० आणि लवचिकता १, तर किंमत ४० असताना मागणी २० आणि लवचिकता ४ येते. सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखा असूनही लवचिकता सारखी नसते, ही गोष्ट वाचून विसरली जाते, पण स्वतः आकडेमोड केली की मनात राहते. विक्रेत्यांना मिळणारी रक्कमही याच ठिकाणी मोजावी. ती किंमत १० असताना ८००, २५ असताना १२५० आणि ४० असताना पुन्हा ८०० भरते. लवचिकता १ असेल त्या बिंदूवर एकूण प्राप्ती सर्वाधिक का असते, हे यातून सूत्राशिवाय दिसते.

आता विक्रेत्यावर प्रत्येक नगामागे १५ चा कर बसवावा. खरेदीदार देत असलेली किंमत ३५ होते, विक्रेत्याच्या हाती २० उरतात आणि नग ४० वरून ३० वर येतात. करातले ५ खरेदीदाराने आणि १० विक्रेत्याने सोसले. समतोल बिंदूवर मागणीची लवचिकता १.५ आणि पुरवठ्याची ०.७५ आहे; ज्याची लवचिकता कमी त्याच्यावर भार अधिक, हा नियम येथे सिद्ध झालेला दिसतो. हाच कर खरेदीदाराकडून वसूल केला तर काय होईल, हेही सोडवावे. उत्तर तेच येते, आणि कर कायद्याने कोणावर बसवला यावरून त्याचा भार कोण सोसतो हे ठरत नाही, हे यावरून कळते. शेवटी आधिक्ये मोजावीत, म्हणजे खरेदीदार जास्तीत जास्त देऊ शकला असता त्याहून त्याने किती कमी दिले आणि विक्रेता कमीत कमी घेऊन तयार झाला असता त्याहून त्याला किती अधिक मिळाले ते. उपभोक्त्यांचे आधिक्य ४०० वरून २२५ आणि उत्पादकांचे ७५० वरून ४०० वर येते, म्हणजे दोघांनी मिळून ५२५ गमावले. सरकारला मात्र ४५० मिळाले. उरलेले ७५ कोणालाच मिळाले नाहीत. जे १० व्यवहार होऊ शकले असते पण झाले नाहीत, त्यांचे ते मोल आहे. हा त्रिकोण आलेखात रंगवून त्याचे क्षेत्रफळ ७५ येते का, ते तपासावे.

उत्पादन आणि खर्चाच्या प्रकरणांत गोंधळ होतो तो बहुधा सरासरी आणि सीमांत यांच्यामुळे. येथे वक्र काढण्यापूर्वी कोष्टक मांडावे. स्थिर खर्च २० आहे आणि एक ते पाच नगांचा बदलता खर्च अनुक्रमे १०, १६, २४, ३६ आणि ५५ आहे असे धरू. एकूण खर्च ३०, ३६, ४४, ५६ आणि ७५ होतो, तर प्रत्येक वाढीव नगाचा सीमांत खर्च १०, ६, ८, १२ आणि १९ येतो. चौथ्या नगापर्यंत सीमांत खर्च सरासरीपेक्षा कमी असल्याने सरासरी उतरत १४ वर येते, आणि पाचव्या नगाचे १९ तिला १५ वर नेतात. परीक्षेतल्या गुणांच्या सरासरीचेही असेच असते. पुढच्या विषयात सरासरीहून कमी गुण पडले की सरासरी खाली येते, अधिक पडले की वर जाते. सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर का छेदतो, याचे हेच कारण आहे. याच कोष्टकात किंमत १० धरून उत्पादन चालू ठेवावे की थांबवावे ते ठरवावे. तीन नग विकून ३० मिळतात, खर्च ४४ होतो आणि तोटा १४ येतो. उत्पादन थांबवले तर स्थिर खर्चाचे २० तरीही जातात. म्हणून अल्पकाळात तोटा सोसूनही उत्पादन चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि हा निर्णय करताना एकूण सरासरी खर्चाऐवजी सरासरी बदलत्या खर्चाची तुलना किमतीशी करायची असते.

उपभोक्त्याच्या निवडीचे प्रकरण घाईने उरकू नये. अंदाजपत्रक रेषा म्हणजे परवडणारे आणि समवृत्ती वक्र म्हणजे आवडणारे. या दोन्हींची माहिती एकत्र करूनच निवड ठरते. किंमत बदलल्याचा परिणाम पर्यायता परिणाम (वस्तू इतरांच्या तुलनेत स्वस्त वा महाग झाल्याचा) आणि उत्पन्न परिणाम (खरेदीची ताकद बदलल्याचा) यांत विभागणे हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. अर्थतज्ज्ञ स्लुत्स्की यांनी १९१५ मध्ये आणि हिक्स व ॲलन यांनी १९३४ मध्ये तो मांडला, म्हणजे मार्शल यांच्या ग्रंथानंतर कित्येक वर्षांनी; तेव्हा विद्यार्थ्याला तो एका बैठकीत उमगला नाही तर त्यात वैषम्य वाटू नये. तीन वेगळ्या रंगांच्या रेषा घेऊन जुनी रेषा, नवी रेषा आणि मधली काल्पनिक रेषा काढाव्यात, आणि सामान्य वस्तू (उत्पन्न वाढले की मागणी वाढते), कनिष्ठ वस्तू (उत्पन्न वाढले की मागणी घटते) व गिफेन वस्तू (किंमत वाढूनही मागणी वाढते) यांच्यासाठी तोच आलेख तीनदा काढावा.

बाजाराचे प्रकार त्यामानाने लवकर आटोपतात, कारण सीमांत प्राप्ती (एक नग अधिक विकल्याने मिळणारी वाढीव रक्कम) आणि सीमांत खर्च समान करण्याचा नियम सगळीकडे तोच असतो; बदलते ती सीमांत प्राप्ती. आपल्याच मागणी रेषेवर एकच विक्रेता उभा करावा आणि सीमांत खर्च सतत १० धरावा. मक्तेदार ४० नग ३० ला विकतो, तर पूर्ण स्पर्धेत ८० नग १० ला विकले गेले असते. अल्पाधिकारासाठी, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजारासाठी, मात्र स्वतंत्र वेळ राखून ठेवावा, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याच्या चालीचा विचार आल्याने हा नियम एकट्याने पुरत नाही.

आठवड्याचा क्रम असा ठेवता येईल. तासाच्या आधी प्रकरणावरून नजर फिरवावी, तास झाल्यावर त्याच दिवशी आलेख न पाहता काढावेत, आणि उरलेला सर्व वेळ उदाहरणे सोडवण्यात घालवावा. उत्तरसूची आधी पाहून ‘हे मला येते’ असे समाधान करून घेणे टाळावे. निदान वीस मिनिटे स्वतः अडखळल्याशिवाय ती उघडू नये. चुकलेल्या उदाहरणांसाठी वेगळी वही ठेवावी आणि चूक आकडेमोडीची होती, चुकीचा वक्र हलवल्याची होती की प्रश्न नीट न वाचल्याची होती, ते प्रत्येक उदाहरणापुढे नोंदवावे. परीक्षेत आलेखाच्या अक्षांना नावे द्यावीत, जुना आणि नवा समतोल वेगवेगळ्या अक्षरांनी दाखवावा, आणि आलेखाखाली दोन-तीन वाक्यांत कारणापासून परिणामापर्यंतचा क्रम लिहावा. ‘इतर परिस्थिती कायम असता’ हे गृहीतक जेथे वापरले असेल तेथे त्याचा उल्लेख करावा आणि त्या ठिकाणी नेमके काय कायम धरले आहे तेही लिहावे.