फोटो धूसर येतो? लेन्सला दोष देण्याआधी या चुका टाळा

ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा हंगाम सुरू झाला, की सीवूड्स आणि नेरूळच्या पाणथळ जागांच्या काठावर रविवारी सकाळी कॅमेऱ्यांची रांग लागते आणि त्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "तुमची लेन्स कितीची?" उत्तर लाखाच्या घरातले असेल, तर विचारणारा आपल्या लेन्सकडे खिन्नपणे पाहतो आणि स्वतःच्या धूसर फोटोंचे कारण सापडल्याचे समाधान मानतो. महागडी लेन्स श्रेष्ठ की छायाचित्रकाराचे कौशल्य, हा वाद असा मोघमपणे घालण्याची गरज नाही, कारण बिघडलेला फोटो बहुतेक वेळा खरा दोषी स्वतःच दाखवून देतो.

धूसरपणाचा प्रकार न ओळखता खर्च करणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. फोटो संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहावा. सगळ्याच वस्तूंच्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. मागची तिवरे स्पष्ट असून पक्ष्याचे पंखच पुसट असतील, तर शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपण्याचा वेग, कमी पडला आहे. पक्षी पुसट आणि त्याच्या पुढचे किंवा मागचे गवत रेखीव असेल, तर फोकस चुकला आहे. चौकटीत कुठेही काहीच स्पष्ट नसेल आणि कडा ओढलेल्याही नसतील, तरच लेन्सवर संशय घ्यायला जागा उरते, आणि तेव्हाही आधी काच पुसून पुन्हा एक फोटो काढावा.

फोकस सतत एकाच बाजूला, म्हणजे दरवेळी थोडा पुढे किंवा दरवेळी थोडा मागे पडत असेल, तर आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरमध्ये कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ बिघडलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहत, फोकस करून काढावा. तो स्वच्छ आला, तर काच ठीक आहे आणि गरज नव्या खरेदीची नसून जुळवणीची आहे.

शटर स्पीडचा साधा हिशेब असा, की हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी तो फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्याच्या, व्यस्त प्रमाणाइतका तरी असावा. ३०० मिमी लेन्स लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या भागावर) लावली, की दृश्य दीडपट मोठे दिसते याचा विचार करून तो १/५०० सेकंदाच्या आसपास जातो, आणि उडत्या थव्यासाठी १/१६०० किंवा त्याहून वेगवान ठेवावा लागतो. "माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे" हे उत्तर येथे उपयोगाचे नाही, कारण ती सोय छायाचित्रकाराचा हात सावरते, पक्ष्याचे पंख नव्हे. ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीत ट्रायपॉड लावणाऱ्यांचेही असेच होते. इंजिनाची थरथर ट्रायपॉडमधून थेट कॅमेऱ्यात उतरते.

अंतर लेन्सने भरून काढायला जाणे

या चुकीत मी स्वतः बराच काळ घालवला आहे. छोटा रोहित सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो. तो १५० मीटरवर उभा असेल, तर ३०० मिमी लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम १.८ मिमी उंच पडते, आणि एपीएस-सी सेन्सरची उंची साडेपंधरा मिमीच्या आसपास असल्याने पक्षी चौकटीच्या उंचीचा नववा भाग व्यापतो. ६०० मिमी लेन्स घेतली, तरी तो चौकटीच्या पाव भागाच्या आतच राहतो. तोच पक्षी ५० मीटरवर आला, तर साध्या ३०० मिमी लेन्सनेसुद्धा तो चौकटीच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक दिसतो. याचा अर्थ चिखल तुडवत त्याच्या दिशेने जावे असा नाही. तसे केल्यास थवा उडतो आणि काठावरच्या सगळ्यांची सकाळ वाया जाते.

पक्ष्यांना जवळ आणण्याचे काम भरती करते. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर ते दूरवर पसरून चरतात, आणि चिखल पाण्याखाली जाऊ लागला की काठाकडे सरकतात किंवा आतल्या पाणथळ जागांमध्ये येऊन विसावतात. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा चढते, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, पण कोणत्या रविवारी पहाटे उठण्यात अर्थ आहे, हे दिनदर्शिकेवरूनही कळते.

उन्हाचा प्रश्न वेगळा आहे. एका एप्रिलमध्ये मी ६०० मिमीची लेन्स एका दिवसासाठी भाड्याने घेतली आणि साडेदहाच्या सुमारास काठावर पोहोचलो. घरी येऊन पाहतो तो प्रत्येक पक्षी पाण्याखालून काढल्यासारखा लहरत होता. लेन्स सदोष आहे, अशी मी देणाऱ्याशी हुज्जत घातली. ती माझीच चूक होती. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, आणि जितक्या लांबून पाहावे तितकी ही थरथर अधिक हवा ओलांडून लेन्सपर्यंत पोहोचते, त्यामुळे कोणतीही काच, कितीही किमतीची असली, तरी ती दुरुस्त करू शकत नाही. पुढच्या आठवड्यात सकाळी सात वाजता, वाट पाहून, माझ्या जुन्या ३०० मिमी लेन्सने काढलेल्या फोटोत पिसे मोजता येत होती.

अ‍ॅपर्चर सतत पूर्ण उघडे ठेवणे

अॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे उघडते. एफ १.८ ची ५० मिमी लेन्स नवी असताना हा मोह होतोच. एपीएस-सी कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला, तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे अंतर रेखीव येते ते, साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असते. ठाण्यातल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत लेझीम खेळणाऱ्या दोघींपैकी एक पाऊलभर मागे असेल, तर तिचा चेहरा धूसर येणारच. तेथे एफ ४ किंवा एफ ५.६ ठेवावे. उलट टोकाला जाऊन एफ २२ ठेवल्यासही प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) संपूर्ण फोटो मऊ पडतो.

दमट हवेकडे दुर्लक्ष करणे

पावसाळ्यात बंद कपाटातल्या बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि मग महागडी व स्वस्त यांत काही फरक उरत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर काचेवर बाष्प धरते. मासुंदा तलावाकाठी रात्री काढलेल्या फोटोंत दिव्यांची भुते, म्हणजे नसलेल्या जागी त्यांची पुसट प्रतिबिंबे, दिसत असतील, तर पुढे लावलेला स्वस्त फिल्टर आधी काढून पाहावा.

खरोखर लेन्स हवी असताना सरावाचा उपदेश ऐकणे

ही चूक उलट बाजूची आहे आणि जाणकार मंडळीच ती अधिक करतात. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात फ्लॅश वापरून चालत नाही आणि नट आपल्यासाठी थांबत नाहीत. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ २.८ ची महागडी झूम लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते, म्हणजे १/६० च्या जागी १/२५० सेकंद मिळतो, आणि हात फिरवणारा नट स्थिर दिसू लागतो. हा फरक सरावाने भरून निघत नाही. मात्र पुढच्या रांगेत जागा मिळत असेल, तर एफ १.८ ची साधी ५० मिमी लेन्स त्या महागड्या झूमपेक्षाही जवळजवळ अडीचपट प्रकाश देते आणि तिची किंमत झूमच्या तुलनेत किरकोळ असते. फोटोसोबत नोंदलेली माहिती उघडून पाहावी: अ‍ॅपर्चर आपल्या लेन्सच्या मर्यादेला टेकलेले, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) सोसवेल तितका वाढवलेला आणि तरीही शटर स्पीड अपुरा, असे नाटकाच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर दुकानाची पायरी चढायला हरकत नाही.