वेगळ्या व्हीलॅनमधल्या मशीनला आयपी मिळत नाही? या क्रमाने तपासा

एका व्हीलॅनमधे (म्हणजे त्याच स्विचवर केलेल्या एका वेगळ्या नेटवर्कमधे) सगळं व्यवस्थित चालू असतं आणि दुसऱ्या व्हीलॅनमधली मशीन मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दाखवत बसतात, हा प्रकार नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. मग डीएचसीपी सर्व्हर (मशीनना आपोआप आयपी वाटणारा) रीस्टार्ट कर, स्विच बंद-चालू कर, केबल बदल असं सुरू होतं, त्यातून कधीकधी सुटतंही, पण कशामुळे सुटलं ते कळत नाही आणि थोड्या दिवसांनी तेच परत. मला मनापासून वाटतं की डीएचसीपीचा प्रॉब्लेम अंदाजाने शोधूच नये. सगळा मामला चार पॅकेटचा आहे, त्यातलं कुठलं पॅकेट कुठे अडकलं एवढंच शोधायचंय.

आधी हे चार पॅकेट बघून घेऊ. मशीन चालू झालं की ते डिस्कव्हर पाठवतं, सर्व्हर ऑफर देतो, मशीन रिक्वेस्ट करतं आणि सर्व्हर ॲक म्हणजे पक्का होकार देतो. सर्व्हर यूडीपी पोर्ट ६७ वर ऐकतो, क्लायंट ६८ वर. आता मशीनकडे स्वतःचा आयपीच नाही, त्यामुळे डिस्कव्हर ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांना जातं, आणि ब्रॉडकास्ट राउटर पुढे जाऊ देत नाही. म्हणजे सर्व्हर दुसऱ्या सबनेटमधे (वेगळ्या आयपी रेंजच्या नेटवर्कमधे) असेल तर मधे कुणीतरी हा निरोप उचलून त्याच्याकडे न्यायला हवा, तो म्हणजे रिले एजंट, बहुतेक वेळा त्या व्हीलॅनचा गेटवेच (त्यातून बाहेर जायचा राउटर). रिले ते पॅकेट सर्व्हरला युनिकास्टने म्हणजे थेट एकट्यालाच पाठवतो आणि त्यात एका फील्डमधे स्वतःचा क्लायंटकडचा आयपी लिहितो, या फील्डला जीआयॲडर म्हणतात. हे फील्ड नीट लक्षात ठेवा कारण सर्व्हर कुठल्या स्कोपमधून (त्या सबनेटसाठी ठरवलेल्या ॲड्रेसच्या रेंजमधून) ॲड्रेस द्यायचा ते यावरूनच ठरवतो आणि उत्तरही याच ॲड्रेसला परत पाठवतो. वेगळ्या सबनेटमधले बरेचसे घोळ या एका फील्डपाशी येऊन थांबतात.

उदाहरणासाठी धरून चालू की सर्व्हर व्हीलॅन १० मधे १९२.१६८.१०.५ वर आहे, आणि रडतायत ती मशीन व्हीलॅन २० मधली, त्यांचा गेटवे १९२.१६८.२०.१.

पायरी १: मशीन नेमकं काय दाखवतंय?

विंडोजवर आयपीकॉन्फिग /ऑल मारा, लिनक्सवर आयपी ॲडर. १६९.२५४ असेल तर मशीनला कुणाचंच उत्तर आलं नाही आणि त्याने स्वतःच ॲड्रेस घेतला. ॲड्रेस आलाय पण दुसऱ्याच सबनेटचा आहे, तर उत्तर भलत्याने दिलंय किंवा मशीन भलत्या व्हीलॅनमधे आहे. ॲड्रेस बरोबर पण नेट चालत नाही, तर स्कोपमधला गेटवे म्हणजे ऑप्शन ३ किंवा डीएनएस चुकलाय, रिलेच्या मागे लागू नका. आणि एकच मशीन अडलंय, एका स्विचवरची सगळी अडलीत की अख्खा व्हीलॅन, हे आत्ताच विचारून घ्या, नंतरची बरीच मेहनत वाचते. अख्खा व्हीलॅन अडला असेल तर रिले, स्कोप किंवा रस्ता यातलं काहीतरी, एका स्विचवरचीच असतील तर बहुतेक ट्रंक (दोन स्विचमधली, अनेक व्हीलॅन वाहून नेणारी लिंक).

पायरी २: हाताने आयपी देऊन बघा

ही टेस्ट लोक का टाळतात कळत नाही, दोन मिनिटाचं काम आहे आणि अर्धा गोंधळ कमी होतो. व्हीलॅन २० मधल्या एका मशीनला पूलच्या (सर्व्हर वाटतो त्या ॲड्रेसच्या) बाहेरचा, वापरात नसलेला ॲड्रेस स्टॅटिक द्या, मास्क आणि गेटवे भरा आणि गेटवेला पिंग करा.

गेटवेला पिंग जात नसेल तर डीएचसीपीला हातही लावू नका, प्रॉब्लेम खालचा आहे. पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमधे आहे का, दोन स्विचमधल्या ट्रंकवर व्हीलॅन २० अलाऊड आहे का, मधल्या एखाद्या स्विचवर तो व्हीलॅन बनवायचाच राहिलाय का, आणि गेटवेचा व्हीलॅन इंटरफेस अप आहे का हे बघा. ट्रंकच्या अलाऊड लिस्टमधे नवीन व्हीलॅन टाकायला विसरणं फार कॉमन आहे, आणि त्यात कधीकधी एकाच बाजूला टाकलेला असतो.

गेटवेला पिंग जातंय पण सर्व्हरला नाही, तर राउटिंग किंवा फायरवॉल. इथे एक काळजी घ्या, सर्व्हरवर पिंग ब्लॉक असू शकतं, म्हणून फक्त पिंगवर निकाल देऊ नका. अजून एक टेस्ट गेटवेवरूनच करा, सर्व्हरला पिंग करा पण सोर्स १९२.१६८.२०.१ देऊन, कारण रिलेचं उत्तर याच ॲड्रेसला परत यायचंय. सोर्स न देता केलेलं पिंग दुसऱ्या इंटरफेसवरून जातं, सगळं छान दिसतं आणि आपण फसतो. टेस्ट झाली की स्टॅटिक आयपी काढून मशीन परत ऑटोमॅटिकवर टाका, हे राहून गेलं तर नंतर आयपी कॉन्फ्लिक्ट होऊ शकतो.

पायरी ३: रिले

सिस्कोवर याला आयपी हेल्पर-ॲड्रेस म्हणतात, बाकी ठिकाणी डीएचसीपी रिले. तो क्लायंटच्या बाजूच्या इंटरफेसवर लावायचा असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर, आणि त्यात १९२.१६८.१०.५ लिहायचं. बरेच जण तो सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसवर लावतात आणि मग काहीच होत नाही, कारण ब्रॉडकास्ट तिथे येतच नाही. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे सर्व्हर बदलला, नवीन आयपी आला, आणि जुन्या व्हीलॅनमधे हेल्पर जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत राहिला. जुन्या लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेले ॲड्रेस) चालू असेपर्यंत कुणाला कळत नाही आणि मग एकेक मशीन पडायला लागतं. त्यामुळे प्रत्येक व्हीलॅनचा हेल्पर वेगळा उघडून बघा, एकाचा बरोबर आहे म्हणजे सगळ्यांचा असेल असं धरू नका. सर्व्हर दोन असतील तर दोन्हीचे ॲड्रेस हवेत.

पायरी ४: सर्व्हरवर कॅप्चर लावा

अंदाज बंद इथे होतो. सर्व्हरवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारी टूल) चालू करा, पोर्ट ६७ चा फिल्टर लावा आणि अडलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग /रिन्यू मारा. वायरशार्कमधे नुसता डीएचसीपी हा डिस्प्ले फिल्टर चालतो, खूप जुन्या व्हर्जनमधे बूटपी लिहावं लागतं.

काहीच आलं नाही तर अडथळा सर्व्हरच्या अलीकडे आहे, परत रिले आणि मधली फायरवॉल बघा. फायरवॉलच्या रूलमधे एक गोम आहे, क्लायंट ६८ वरून ६७ ला बोलतो म्हणून लोक तेवढंच उघडतात, पण रिले सहसा ६७ वरून ६७ ला पाठवतो, आणि तो रूल नसला की पॅकेट गुपचूप ड्रॉप.

डिस्कव्हर आलंय पण ऑफर जात नाही, तर पॅकेट उघडून जीआयॲडर बघा, १९२.१६८.२०.१ च आहे ना? मग सर्व्हरवर त्या सबनेटचा स्कोप आहे का, मास्क बरोबर आहे का, स्कोप ॲक्टिव्हेट केलाय का हे बघा. डोमेनमधला विंडोज सर्व्हर असेल तर तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑथराइज्ड असावा लागतो, नाहीतर सर्व्हिस चालू दिसते पण ॲड्रेस देत नाही. लिनक्सवर आयएससीचा जुना सर्व्हर असेल तर लॉगमधे "अननोन नेटवर्क सेगमेंट" असं सरळ लिहून येतं, म्हणजे त्या जीआयॲडरला जुळणारं सबनेट कॉन्फिगमधे नाही. "नो फ्री लीजेस" आलं तर बहुतेक पूल संपलाय.

पूल संपणं वाय-फायवर आता खूपच वाढलंय. फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा रँडम मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डची ओळख) वापरतात आणि काही सेटिंगमधे तो मधूनमधून बदलतोही, मग एकच फोन सर्व्हरला नवीन नवीन मशीन वाटतो. /२४ सबनेटमधे गेटवे धरून २५४ ॲड्रेस आणि विंडोज सर्व्हरची डिफॉल्ट लीज ८ दिवसांची, ये-जा असलेल्या गेस्ट व्हीलॅनला हे पुरणारच नाही. लीज काही तासांवर आणा, तरी भागलं नाही तर सबनेट मोठं करा.

ऑफर सर्व्हरवरून निघतीय पण मशीनपर्यंत पोचत नाही, तर परतीचा रस्ता बघा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असतील तर उत्तर चुकीच्या कार्डवरून जाऊ शकतं, किंवा त्याचा डिफॉल्ट गेटवेच चुकलेला असतो. गेटवे दोन राउटरची जोडी असेल, एचएसआरपी नाहीतर व्हीआरआरपी (दोन राउटरनी मिळून एकच व्हर्च्युअल आयपी चालवायच्या पद्धती), तर रिले साधारणपणे व्हर्च्युअल नाही तर राउटरचा स्वतःचा खरा आयपी जीआयॲडरमधे लिहितो, म्हणून फायरवॉलमधे दोन्ही खरे आयपी उघडे हवेत. अशा सेटअपमधे एकाच मशीनचे दोन डिस्कव्हर दिसले तर घाबरू नका, दोन्ही राउटर रिले करतायत एवढंच.

पायरी ५: मधला स्विच काही अडवतोय का?

डीएचसीपी स्नूपिंग (स्विचने डीएचसीपीच्या पॅकेटवर पहारा ठेवणं) चालू असेल तर ऑफर आणि ॲक फक्त ट्रस्टेड पोर्टवरूनच आत येऊ शकतात, म्हणून सर्व्हरकडे जाणारा अपलिंक ट्रस्टेड केलेला हवा. याच्यात एक अवघड प्रकार आहे. ॲक्सेस स्विच स्नूपिंगमुळे पॅकेटमधे ऑप्शन ८२ (मशीन कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवर आहे ती माहिती) घुसवतो पण जीआयॲडर शून्यच राहतो, आणि असं पॅकेट पुढचा सिस्को रिले संशयास्पद समजून टाकून देतो. हेल्पर बरोबर, ट्रंक बरोबर, तरी सर्व्हरवर काहीच येत नाही असं झालं तर हे तपासा. ॲक्सेस स्विचवर ऑप्शन ८२ टाकणं बंद करा, किंवा रिलेवर त्या माहितीवर ट्रस्ट ठेवायची सेटिंग करा.

मशीन चालू केल्यावर आयपी मिळत नाही पण थोड्या वेळाने रिन्यू केलं की मिळतो, असं असेल तर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधे लूप होऊ न देणारी स्विचची पद्धत) बघा. जुन्या पद्धतीत पोर्ट फॉरवर्डिंगला यायला ३० सेकंद घेतो आणि तेवढ्यात मशीनचे डिस्कव्हर वाया गेलेले असतात. युजरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावा, पण दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टवर नको, तिथे लूप झाला तर सगळंच बसेल.

पायरी ६: भलत्याच सबनेटचा ॲड्रेस आला तर

आयपीकॉन्फिग /ऑल मधे डीएचसीपी सर्व्हर अशी ओळ असते, तिथला आयपी तुमच्या सर्व्हरचा नसेल तर कुणीतरी छोटा वाय-फाय राउटर लॅन पोर्टमधून नेटवर्कला जोडलाय आणि तो ॲड्रेस वाटतोय. एआरपीमधून (आयपीला कुठला मॅक आहे त्या यादीतून) त्याचा मॅक काढा, स्विचच्या मॅक टेबलमधे तो कुठल्या पोर्टवर दिसतो बघा, पोर्ट बंद करा, आणि परत होऊ नये म्हणून स्नूपिंग लावा. सर्व्हर तुमचाच असेल तर पोर्टचा व्हीलॅन आणि ट्रंकच्या दोन्ही टोकांचा नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेली पॅकेट ज्यात जातात तो) जुळतोय का ते तपासा.

पायरी ७: सुटलं वाटलं तरी रिन्यू तपासा

आयपी मिळाला म्हणून लगेच टिकीट बंद करू नका. लीजचा अर्धा वेळ झाला की मशीन रिलेला मधे न घेता थेट सर्व्हरला रिन्यूसाठी विचारतं, म्हणजे आता सोर्स मशीनचा स्वतःचा आयपी असतो आणि रिलेसाठी उघडलेला रूल इथे लागू होत नाही. तो अडला तर मशीन वाट बघतं आणि लीजचा ८७.५ टक्के वेळ गेल्यावर परत ब्रॉडकास्ट करतं, ते रिलेमधून जातं आणि काम भागतं, त्यामुळे हा दोष महिनोन्महिने लपून राहतो, फक्त लॉगमधे रिन्यू फेल झाल्याचं येत राहतं. म्हणून फायरवॉलवर व्हीलॅन २० च्या अख्ख्या सबनेटला १९२.१६८.१०.५ च्या यूडीपी ६७ पर्यंत जाऊ द्या. तपासायचं कसं, तर मशीनवर आधी /रिलीज न करता फक्त आयपीकॉन्फिग /रिन्यू मारा आणि सर्व्हरवरच्या कॅप्चरमधे रिक्वेस्ट मशीनच्या आयपीवरून आली का आणि लगेच ॲक गेला का ते बघा.