क्लासिक कादंबरीतली प्रतीकं कशी वाचायची

बरेच जण जुनी गाजलेली कादंबरी हातात घ्यायच्या आधीच त्यातल्या प्रतीकांचे अर्थ नेटवर शोधून ठेवतात, हिरवा दिवा म्हणजे आशा, लाल अक्षर म्हणजे पाप, आणि मग पुस्तक वाचून संपतं पण हाती काहीच लागत नाही. असा एका शब्दाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा ती वस्तू पुस्तकभर कुठे कुठे जाते ते बघा, खरी मजा त्यात आहे. नॅथॅनियल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) घेऊन सांगते, म्हणजे नीट कळेल. शेवट नाही सांगणार, पण मधले काही प्रसंग सांगावे लागतील.

आधी पेन्सिल घ्या. एखाद्या वस्तूवर लेखक कामापेक्षा जास्त वेळ रेंगाळतोय किंवा ती परत परत येतेय असं वाटलं की वहीत फक्त पान नंबर लिहायचा, अर्थ अजिबात लिहायचा नाही. सतराव्या शतकातलं बॉस्टन, तुरुंगाच्या दारातून हेस्टर प्रिन बाहेर येते, कडेवर तीन महिन्यांची मुलगी, लग्नाबाहेरच्या संबंधातून झालेली, आणि शिक्षा म्हणून छातीवर लाल कापडाचं 'ए' हे अक्षर, 'अ‍ॅडल्टरी' म्हणजे व्यभिचार या शब्दातलं पहिलं. पण ते अक्षर तिने सोनेरी दोऱ्याने असं काही भरलंय की बघणाऱ्या बायका चिडतात. लाज वाटावी म्हणून दिलेली वस्तू ही बाई सजवते का? उत्तर नको, प्रश्न वहीत राहू दे.

मग प्रत्येक नोंदीसमोर लिहा की त्या वस्तूकडे कोण बघतंय, ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. बाराव्या प्रकरणात रात्री आकाशात उल्का चमकते आणि त्या उजेडात डिम्सडेल या पाद्रीला ढगांत भलंमोठं 'ए' दिसतं, त्याच्या मनात स्वतःचाच अपराध लपलेला असल्यामुळे त्याला ते आपल्यासाठीच उमटलंय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी चर्चचा नोकर येऊन सांगतो की काल रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारले, ते 'एंजल' झाले म्हणून आकाशात 'ए' आलं! अक्षर तेच, रात्र तीच, बघणारी मनं वेगळी. त्याच्या पुढच्याच प्रकरणात गावातले लोक म्हणायला लागतात की हेस्टरच्या छातीवरचं 'ए' म्हणजे 'एबल' (समर्थ), कारण आजारपणात, अडचणीत तीच धावून जाते. हेस्टरने अक्षरात काहीच बदल केलेला नाही, गाव बदललंय.

यानंतर ती वस्तू हरवते, फेकली जाते किंवा दुसऱ्याच्या हातात जाते ती जागा शोधा. जंगलात हेस्टर ते अक्षर काढून ओढ्याकाठी फेकते, केस मोकळे सोडते, चेहरा उजळतो, वाचणाऱ्यालाही हायसं वाटतं. आणि तिची मुलगी पर्ल ओढ्याच्या पलीकडे उभी राहून जवळ यायलाच तयार नाही, आईच्या मोकळ्या छातीकडे बोट दाखवून थयथयाट करते. शेवटी हेस्टरला ते स्वतः उचलून परत लावावं लागतं. या दोन प्रकरणांवर (१८ आणि १९) घाई करू नका. पोरीने आईला कायम त्या अक्षरासकटच पाहिलंय, म्हणजे गावाने दिलेली शिक्षा तिच्यासाठी आईचाच एक भाग झालीय, आणि एवढी भयंकर गोष्ट हॉथॉर्नने भाषण न देता एका कापडाच्या तुकड्यातून सांगितलीय.

हीच पद्धत 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) मधल्या हिरव्या दिव्याला (गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीच्या घराच्या धक्क्यावरचा, तो रात्री पाण्यापलीकडून बघत असतो तो) लावून बघा, पहिल्या प्रकरणाचा शेवट, मग पाचवं प्रकरण जिथे डेझी शेजारी उभी असताना त्या दिव्याची जादूच ओसरते, आणि मग शेवटचं पान. तीन नोंदी बास.

एक काळजी मात्र घ्या, दिसेल त्या प्रत्येक पडद्यात आणि पावसात प्रतीक शोधू नका. साधी चाचणी आहे, ती वस्तू काढून टाकली तर पात्रांमधलं काही बिघडतं का? नसेल बिघडत तर पाऊस म्हणजे पाऊसच.

आणि एवढं करूनही आपण काढलेला अर्थ बरोबर की चूक अशी धाकधूक वाटत असेल तर 'मोबी डिक' (१८५१) मधलं ९९ वं प्रकरण तेवढं वाचा. कॅप्टन एहॅबने पांढरा देवमासा आधी पाहील त्याच्यासाठी डोलकाठीला ठोकलेलं सोन्याचं नाणं, आणि जहाजावरचा एकेक माणूस समोर येऊन त्यात आपापलं काहीतरी बघून जातो, एहॅबला तर त्या नाण्यावर सगळीकडे एहॅबच दिसतो.