मेनोनाइट मंडळीचे स्वयंसेवक-घर कसे उभारावे व कसे चालवावे

मेनोनाइट हा शस्त्र हाती न घेणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. अमेरिकेतील त्याच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय, १९४४ पासून तरुणांना वर्ष-दोन वर्षांच्या स्वयंसेवी सेवेसाठी शहरांत पाठवत आल्या आहेत. व्यवस्था थोडक्यात अशी असते: स्थानिक मंडळी घराची व आधाराची जबाबदारी उचलते, चार-सहा स्वयंसेवक त्या घरात एकत्र राहतात आणि दिवसभर शहरातील निरनिराळ्या सामाजिक संस्थांत पूर्णवेळ काम करतात. त्यांना पगार नसतो. राहणे, जेवण, प्रवास, आरोग्य विमा आणि हातखर्चापुरता लहानसा मासिक भत्ता मिळतो. अशी घरे मोडतात ती बहुधा सेवेच्या कामामुळे नव्हे, तर घरात न बोललेल्या गोष्टींमुळे. म्हणून या मार्गदर्शनाचा बराचसा भाग घराविषयीच आहे.

आरंभी मंडळीने स्वतःला एक प्रश्न विचारावा, की आपल्याला हे घर कशासाठी हवे आहे. मेनोनाइट परंपरा १५२५ साली झुरिचमध्ये प्रौढ बाप्तिस्म्याच्या आग्रहातून निघालेल्या चळवळीतील असून शस्त्र हाती न घेणे हा तिचा जुना बाणा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लष्करी सेवा नाकारणाऱ्यांनी १९४१ ते १९४७ या काळात ‘सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस’ या पर्यायी नागरी सेवेखाली वनीकरण, जमिनीची धूप रोखण्याची कामे आणि मनोरुग्णालयांतील सेवा केली. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये थांबली, त्यामुळे आज घरात येणारा प्रत्येक जण स्वखुशीने येतो. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर मंडळी या घराकडे तरुणांचे स्वस्त वसतिगृह किंवा रविवारच्या उपासनेसाठी मिळणारे फुकटचे मनुष्यबळ म्हणून पाहणार नाही. दुसरा मोह अधिक सूक्ष्म असतो आणि तो वेळीच ओळखलेला बरा.

घर निवडताना कामाच्या ठिकाणांना बसने किंवा सायकलने जाता येईल असा भाग पाहावा. भाडेकरार करण्यापूर्वी, नाते नसलेल्या किती व्यक्तींना एका घरात राहता येते याविषयीचा त्या शहराचा नियम तपासावा, कारण अमेरिकेतील अनेक शहरांत त्यावर मर्यादा आहे. घरमालकाला घराचा खरा उपयोग आधीच सांगावा.

खर्चाचे गणित दोन पायांवर उभे असते. स्वयंसेवक ज्या संस्थेत काम करतो, ती संस्था त्याच्या सेवेपोटी ठरावीक रक्कम घराच्या खात्यात भरते. उरलेली तूट मंडळीच्या देणग्यांतून भागते. संस्था निवडताना तिची पैसे भरण्याची ऐपत जशी पाहावी, तशीच नवख्याला शिकवायला तिच्याकडे माणूस आहे की नाही हेही पाहावे. स्थलांतरितांना कायदेशीर मदत, बेघरांचे निवारे, अन्नपेढ्या, शाळा असे पर्याय मोठ्या शहरात मुबलक असतात. लेखी करारात कामाचे तास, सुट्ट्या आणि देखरेख करणाऱ्याचे नाव असावे. नावाच्या जागी ‘संबंधित अधिकारी’ एवढेच लिहिलेले असेल तर सही करू नये.

स्वयंसेवक आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. या काळात संस्थांचे काम अर्धवेळच ठेवावे आणि उरलेला वेळ घराचा लेखी ठराव तयार करण्यात घालवावा. त्यात जेवणाचा पैसा अग्रक्रमाने घ्यावा. तो प्रत्येकाच्या हाती न देता एका सामायिक खात्यात ठेवावा आणि खरेदीची पाळी आठवड्याला बदलावी, म्हणजे तांदूळ किती लागतो आणि महागडे चीज कोण उचलते हे सर्वांनाच कळते. एक मांसाहारी, एक शाकाहारी आणि एक दूध न चालणारा, असे तिघे एका चुलीवर आले की तत्त्वज्ञान बाजूला राहते. अशा वेळी ‘एकत्र जेवणाच्या दिवशी सर्वांना चालेल असाच मुख्य पदार्थ करावा’ हा एक ओळीचा नियम पुष्कळ कटकट वाचवतो. आठवड्यातून निदान तीनदा तरी एकत्र जेवण ठरवावे. रात्री घासायची राहिलेली भांडी, बाथरूमची सफाई, पाहुणे किती रात्री राहू शकतात, दारू घरात चालेल की नाही, हे सारे नावानिशी लिहून काढावे. हे बारकावे क्षुल्लक वाटतात खरे, पण डिसेंबरात भांडण पेटते ते यांच्यावरूनच.

आठवड्याची एक संध्याकाळ घराच्या बैठकीसाठी आणि एक प्रार्थनेसाठी राखून ठेवावी. दोन्ही एकाच दिवशी घेऊ नयेत, नाहीतर वीजबिलाची चर्चा प्रार्थनेत शिरते. निर्णय शक्यतो सर्वसंमतीने घ्यावेत, मात्र संमती मिळत नसेल तेव्हा विषय किती बैठकांनंतर मतास टाकायचा हेही आधी ठरवून ठेवावे. कुरबूर झाली तर बायबलमधील मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला क्रम मेनोनाइट लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत: आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे, जमले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यावे आणि त्यानंतरच गोष्ट मंडळीसमोर न्यावी. व्यवहारात दुसऱ्या पायरीसाठी मंडळीतील तीन-चार अनुभवी माणसांची आधार-समिती असते. तिने महिन्यातून एकदा घरी येऊन जेवावे आणि प्रत्येक स्वयंसेवकाची स्वतंत्र विचारपूस करावी. पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, मात्र या समितीचा प्रमुख करू नये. ज्याचे रविवारी प्रवचन ऐकायचे त्याच्याकडे घरातली तक्रार नेणे तरुणांना अवघड जाते.

बहुभाषिक शहरात घराचा खरा कस शेजारात लागतो. सॅन अँटोनिओमध्ये निम्म्याहून अधिक लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेले, आहेत, तर सॅन फ्रान्सिस्कोत मतपत्रिकाही इंग्रजीबरोबर चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो भाषांत छापल्या जातात. अशा ठिकाणी स्वयंसेवकाने येण्यापूर्वीच कामापुरती स्पॅनिश किंवा त्या वस्तीतील भाषा शिकायला लागावे आणि पहिल्या महिन्यात एकही उपक्रम स्वतः सुरू करू नये. वस्तीतील बैठकांना जावे, मागच्या रांगेत बसावे आणि खुर्च्या आवरायला थांबावे. मदतीसाठी आलेल्यांची छायाचित्रे वा कहाण्या मंडळीच्या वार्तापत्रात त्यांच्या परवानगीशिवाय छापू नयेत. स्थलांतराच्या कज्ज्यात अडकलेल्या कुटुंबाला त्यातून प्रत्यक्ष इजा पोहोचू शकते.

नवी तुकडी बहुधा ऑगस्टच्या सुमारास येते, म्हणून संस्थांशी पुढील वर्षाची रक्कम वसंत ऋतूतच पक्की करावी. जुन्यांपैकी एक जण आठवडाभर मागे राहिला तर उत्तम. ते शक्य नसेल तर त्यांच्याकडून निदान हीटर, कचऱ्याचे वार, घरमालकाचा फोन आणि उसनी आणलेली भांडी कोणाची, एवढी यादी जाण्यापूर्वी लिहून घ्यावी.