मुरबाड-शहापूरकडे शेळीपालन सुरू करताय? या चुका टाळा

ठाण्या-कल्याणात नोकरी आणि मुरबाड नाहीतर शहापूरला गावची एक-दोन एकर जमीन, असे आपल्याकडे खूप जण आहेत, आणि मोबाईलवर परदेशातले मांसाच्या गुरांचे फार्म बघून बरेच जण विचारतात की असं आपल्याकडे जमेल का. गाई-बैलांचं नाही जमणार. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, वळू, बैल तिन्हींच्या कत्तलीला बंदी आहे. म्हशीला ती बंदी नाही, पण पारडू मोठं होईपर्यंत जेवढा चारा आणि वेळ जातो तो बघता छोट्या जागेत मला तो हिशोब पटत नाही. राहिली शेळी. शेळीत पैसा आहे, फक्त लोक पहिल्याच पावलाला चुकतात कारण शेळीपालन म्हणजे एकच धंदा असं धरून चालतात.

ते खरं तर वेगवेगळे धंदे आहेत. एक पैदाशीचा, म्हणजे 20-25 शेळ्या, एक बोकड, करडं वाढवून विकायची. दुसरा, तयार करडू विकत घेऊन खाऊ घालून बकरी ईदला काढायचं. आणि तिसरा, जातिवंत शेळ्या-बोकड दुसऱ्या फार्मवाल्यांना विकायचे, यात नवीन माणसानं पडूच नये, आणि कोणी "शेळ्या आमच्याकडून घ्या, करडं आम्हीच परत घेऊ" म्हणालं तर भाव, वजन आणि तारीख लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पैदाशीत पैसा उशिरा येतो हे कोणी आधी सांगत नाही. शेळी पाच महिने गाभण राहते, करडू विकायला येईपर्यंत आणखी नऊ-दहा महिने, म्हणजे शेळ्या आणल्यापासून सव्वा वर्ष खुराक, मजुरी, औषधं सगळं खिशातून. ती सोय नसेल तर निदान अर्ध्या शेळ्या गाभण घ्या.

ईदच्या बोकडात पैसा लवकर फिरतो पण कॅलेंडर चुकलं की गेलं. ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते, 2024 ला 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला. म्हणून उलटं मोजायचं. साधारण 15 किलोचं करडू, दिवसाला 80 ग्रॅम वाढ धरली तर 150 दिवसांत 12 किलो, म्हणजे 27 किलोचा बोकड. पण कुर्बानीला तो वर्षाचा पूर्ण लागतो, गिऱ्हाईक तोंड उघडून दोन दात बघतं, शिंग मोडलेलं किंवा लंगडा चालत नाही. वजन आहे पण वय नाही, असे बोकड घेऊन शेवटच्या दिवशी खाटकाच्या भावात देणारे मी पाहिलेत, वाईट वाटतं, पाच महिन्यांची मेहनत असते ती.

आता माझी चूक. एका आठवडी बाजारातून 12 शेळ्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या शेळ्यांच्या गोठ्यात सोडल्या. आठवड्यात ताप, नाका-डोळ्यातून पाणी, तोंडात फोड, पातळ हगवण. पीपीआर होता, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग. सात मेल्या, त्यात घरच्या चार. नवीन जनावर 21 दिवस वेगळं, त्याची बादली आणि गव्हाणसुद्धा वेगळी, यात तडजोड करू नका. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं बघावं लागत नाही, आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी अचानक मरते तो रोग) मात्र दरवर्षी पावसाआधी द्यायची, पहिल्यांदा देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस.

आपल्याकडचा पाऊस ही वेगळीच गोष्ट आहे. घाटावरच्या फार्मचा शेड इथे तसाच्या तसा बांधला की जुलैत खाली चिखल, खुरं सडतात, करडं खोकायला लागतात. जमिनीपासून उंच माचा करा, फटीतून लेंड्या खाली पडतील असा, पावसाची झड येते त्या बाजूला आडोसा, आणि वरून-बाजूने पक्की जाळी, बिबट्या आपल्या भागात आहेच.

पावसाळ्यात शेळी खाते पण वाळत चालली तर डोळ्याची आतली पापणी उलटून बघा. लालसर गुलाबी हवी. पांढरी फटक असेल, जबड्याखाली सूज असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. लोक दर वेळी दुकानातून तेच एक जंतनाशक आणतात आणि जंत त्याला सरावतात, त्यापेक्षा ताज्या लेंड्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. जनावर हलवता येत नसेल तर 1962 या जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी नंबरवर फोन करा.

अनुदानाचं पण बोलतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के मिळतं पण ते 100 शेळ्या आणि 5 बोकडांपासून पुढे, आणि त्या आकड्याच्या मोहात पहिल्याच वर्षी शंभर शेळ्या आणू नका. एक शेळी दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा खाते, शंभरांचा रोज तीन-चारशे किलो होतो, एप्रिल-मेमध्ये कुठून आणणार? आधी शेवरी, दशरथ घास, नेपियर लावा, तो उभा राहिला की शेळ्या.

आणि विकताना नजरेच्या अंदाजावर देऊ नका. व्यापाऱ्याची नजर रोजची, आपली वर्षातून चारदा. लटकवायचा वजनकाटा घ्या आणि किलोवर बोला, 25 किलोच्या बोकडातून 11-12 किलो मटण निघतं हे डोक्यात ठेवून. गटारीच्या आधीचे पंधरा दिवस भाव आपल्या हातात असतो, श्रावण लागला की तोच व्यापारी फोन उचलत नाही, त्यामुळे तयार माल आषाढातच काढा.