पहिल्या लेग डेनंतर पाय उचलेनात? दुसरा लेग डे असा करा

वॉर्म-अप कसा करायचा, बूट कुठले घ्यायचे हे मी सांगत बसणार नाही, ते तुम्हाला माहितीये. तुम्ही लेग डेला, म्हणजे जिममध्ये फक्त पायांचा व्यायाम करायच्या दिवशी, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) सगळं एकदम मारलंय आणि आता जिना उतरताना कठड्याला लटकताय, असं धरून चालतो.

आधी एक खूळ डोक्यातून काढा. आपल्याकडे "अंग आंबलं" म्हणतात म्हणून की काय, जो तो सांगतो की पायात लॅक्टिक अॅसिड साठलंय, लिंबूपाणी पी, मालिश कर, निघून जाईल. अहो, ते व्यायाम संपल्यावर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी. वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग सूज येते, आणि ते दुखणं साधारण 24 ते 72 तासांत टिपेला जातं. म्हणून चढण्यापेक्षा उतरणं छळतं. ट्रेकवाल्यांना विचारा, कळसूबाई चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे.

जिम झाल्या झाल्या: दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, केळं खा, मगच गाडीला किक मारा. माझे पाय लटलटत होते तरी मी तसाच निघालो होतो, सिग्नलला पाय टेकवला आणि गुडघ्याने सरळ सुट्टी घेतली, बाईकसकट आडवा. शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी गाडी उचलून दिली, वर "जेवत नाही का रे" हेही ऐकवलं.

पुढचे दोन-तीन दिवस: रोज वीस मिनिटं चाला, नीट झोपा, जेवणात अंडी, डाळ, पनीर, चिकन जे चालत असेल ते वाढवा. दिवसभर लोळू नका, लोळल्याने पाय अजून धरतात. शेक घ्या नाहीतर बर्फ लावा, बरं वाटेल तेवढंच, चमत्कार होत नाही. पेनकिलर मात्र जिमच्या मित्राने दिली म्हणून गिळू नका.

आता खरी अडचण. दुसरा लेग डे.

इथे मी स्वतः दोनदा आपटलोय. पहिल्या वेळी ट्रेनरने पहिल्याच दिवशी चार व्यायामांचे चार-चार सेट (सेट म्हणजे न थांबता मारलेली एक फेरी) घेतले, म्हणजे सोळा सेट, आणि तिसऱ्या दिवशी मी भारतीय संडासात बसलो तो उठेचना, शेवटी नळाला धरून उठलो आणि नळ हातात येतो की काय अशी भीती. मग काय, महिनाभर लेग डेला दांडी, छाती आणि दंड तेवढे करायचे. महिन्याने लाज वाटून गेलो तर बुडालेलं सगळं एका दिवसात भरून काढायला, वजनही जास्त लावलं. पुन्हा तेच, पुन्हा नळ. आणि ट्रेनर म्हणतो "दुखतंय म्हणजे लागू पडतंय". हे वाक्य ज्याने शोधलं त्याला एकदा सोळा सेट मारून तिसऱ्या मजल्यावरून खाली पाठवायला पाहिजे.

स्नायूने एकदा असा मार खाल्ला की पुढच्या वेळी तो तोच व्यायाम बराच सोसतो, दुखणं कमी होतं आणि ताकदही लवकर परत येते. हा फायदा हलक्या व्यायामानेही मिळतो, त्यासाठी मरायची गरज नाही.

दुसरा लेग डे पाचव्या-सहाव्या दिवशी ठेवा. पण दुखणं थांबलं म्हणजे ताकद आली असं समजू नका, मी इथेच फसायचो. जोरात मार बसला असेल तर दुखणं गेल्यावरही काही दिवस पायात जोर नसतो. माझी चाचणी सोपी आहे, साध्या खुर्चीवरून हात न टेकवता, हात छातीवर बांधून दहा वेळा उठा-बसा. पाय थरथरले किंवा मध्येच पुढे झोक जायला लागला तर अजून एक-दोन दिवस थांबा. नीट जमलं तर जा, आणि त्या दिवशी फक्त दोन व्यायाम करा, स्क्वॉट आणि लेग कर्ल (मशीनवर टाच मागे ओढून गुडघा वाकवणं), प्रत्येकी दोन-तीन सेट. वजन पहिल्या दिवसापेक्षा कमी. प्रत्येक सेटला अजून तीन-चार रेप्स निघतील, म्हणजे तोच व्यायाम अजून तीन-चार वेळा जमेल, असं वाटत असतानाच थांबायचं. शेजारचा हसेल, हसू दे. घरी जाताना "आज काहीच केलं नाही" असं वाटलं पाहिजे, तेच बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी थोडं धरेल, पण जिना उतरता येईल.

मधेच एक गोष्ट, ही मस्करीत नेऊ नका. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या, पाय वाकतच नाही किंवा अशक्तपणा दिवसागणिक वाढतोय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू जास्तच तुटले की त्यातला माल रक्तात उतरून किडनीवर येतो. नवखे लोक, उन्हाळा, उपवास, आणि मित्रांच्या पैजेवर मारलेल्या दोनशे बैठका, इथे जास्त सांभाळा. एकाच पोटरीला सूज आली, ती गरम आणि लाल झाली, तरी डॉक्टरच. आणि व्यायाम चालू असतानाच गुडघ्यात किंवा कमरेत कळ गेली असेल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाहीच.

तिसऱ्या आठवड्यापासून एक-एक सेट वाढवा. वजन आणि सेट एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका. लंजेस चौथ्या आठवड्याच्या आधी नकोत, आणि सुरू करताना प्रत्येक पायाला आठ, एकच सेट, तोही शुक्रवारी, म्हणजे शनिवार-रविवार वाकडंतिकडं चाललात तरी ऑफिसात कोणी विचारणार नाही.